शंभर प्रश्नांतले सहा

अमेरिकेचं नागरिकत्व मी घेतलं ते अकोल्याला जास्त दिवस राहता यावं म्हणून. वाक्य उलटं झालेलं नाही. ग्रीन कार्डवाल्याला भारतात जाऊन राहायचं तर कॅलेंडरवर खुणा करत राहावं लागतं. सहा महिने उलटले की परतताना विमानतळावर चौकशी, वर्ष उलटलं तर कार्डावरच गदा. माझी आई सत्त्याऐंशीची, अकोल्याला भावाकडे असते. तिच्यापाशी आठ-दहा महिने निवांत राहायचं तर अमेरिकेची नागरिक व्हायचं, भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड, काढायचं. मग दिवस कोणी मोजत नाही. म्हणजे आईजवळ राहण्यासाठी आईचा देश कागदावरून सोडायचा. मुलीने हा हिशेब मांडला तेव्हा मी तिला तो दोनदा सांगायला लावला.

ह्यांनी पहिल्याच दिवशी हात झटकले. "मले नाही होत आता पाठांतर. तू हो अमेरिकन, मी येतो तुह्या मागं मागं."

पाठांतराला मी घाबरणार नव्हते. एकतीस वर्षं मी अकोल्यातल्या मराठी शाळेत इतिहास शिकवला. जुन्या अभ्यासक्रमात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा धडा होता, तोही कितीतरी वेळा शिकवून झालेला. बोस्टनची चहापार्टी, प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, ४ जुलै १७७६. कारणे लिहा, पाच गुण. एकच कारण लिहिणाऱ्या पोराला मी एकच गुण द्यायची आणि शेजारी लाल पेनाने "बाकीची कुठे गेली?" असं लिहायची. या सवयीने मला पुढे बराच त्रास दिला.

एप्रिल २०२४ मध्ये नागरिकत्वाचा एन-४०० हा अर्ज ऑनलाइन भरला, फी ७१० डॉलर. अर्ज लांबलचक. पाच वर्षांत देशाबाहेर कितीदा गेलात, कुठल्या तारखेला, किती दिवस. कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होतात का. वंशसंहारात भाग घेतला होता का. मुलगी वाचायची, मी "नाही, नाही" म्हणत भाजी निवडायची. मग आला प्रश्न: परदेशात तुम्हाला एखादी वंशपरंपरागत पदवी किंवा सरदारकी आहे का, किंवा होती का?

माझा हात थांबला. आडनाव देशमुख. देशमुखी म्हणजे वंशपरंपरागत वतनच की. परगण्याचा वसूल, मान-पान, सगळं त्यात आलं. आमच्या घरात त्यातलं आडनाव आणि एक गंजलेली तलवार एवढंच उरलं होतं, आणि ती तलवारही काकांच्या वाटणीत गेली. तरी खोटं कसं लिहायचं? मुलगी म्हणाली, "आई, प्लीज. वऱ्हाडात दगड मारला तर देशमुखाला लागतो. नो लिही." नो लिहिलं. पण मुलाखतीच्या दिवसापर्यंत तो 'नो' मला टोचत होता.

परीक्षेचं स्वरूप असं. इंग्रजीत एक वाक्य वाचून दाखवायचं, एक ऐकून लिहायचं. त्यासाठी प्रत्येकी तीन संधी. आणि मग राज्यव्यवस्था, इतिहास, भूगोल यांची तोंडी. माझ्या वेळी शंभर प्रश्न उत्तरांसकट आधीच जाहीर केलेले असायचे, त्यातले दहा विचारायचे, सहा बरोबर आले की सुटका. (२० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना प्रश्न १२८ आहेत, विचारतात वीस आणि बरोबर यावे लागतात बारा. माझं जुन्या पद्धतीत निभावलं.) वय पासष्ट आणि ग्रीन कार्ड वीस वर्षांचं असेल तर फक्त वीस प्रश्नांची तयारी, आणि परीक्षाही आपल्या भाषेत देता येते. माझं वय चौसष्ट, कार्ड पाच वर्षांचं. सवलत शून्य.

प्रश्न आधी फोडून ठेवलेली परीक्षा म्हटल्यावर मी पहिल्यांदा हसलेच. आमच्या वेळी यासाठी पोरांना तीन वर्षं परीक्षेला बसू दिलं नसतं.

न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्या घराजवळच्या सार्वजनिक वाचनालयात मंगळवारी संध्याकाळी नागरिकत्वाचा वर्ग भरतो. फुकट. शिकवणाऱ्या बाई पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्यामुळे 'बेंजामिन फ्रँकलिन कशासाठी प्रसिद्ध आहेत, एक गोष्ट सांगा' या प्रश्नाला त्यांच्या वर्गात एकच उत्तर चालायचं: पहिले पोस्टमास्टर जनरल. यादीत आणखी उत्तरं होती. मुत्सद्दी, घटना परिषदेतले सगळ्यात वयस्क सदस्य, पहिली मोफत वाचनालयं सुरू करणारे. पण बाईंनी चाळीस वर्षं टपाल वाटलेलं, त्यांच्यापुढे दुसरं उत्तर द्यायची कोणाची छाती? वर्गात आम्ही सात-आठ जण. इक्वादोरची एक तरुण मुलगी नेल सलूनमधून थेट यायची, तिच्या हातांना ॲसिटोनचा वास असायचा. कैरोचे एक काका होते, तिकडे औषधविक्रेते, इकडे जावयाच्या दुकानात बसणारे. युरोपियन येण्याआधी अमेरिकेत कोण राहत होतं, हा प्रश्न आला की उत्तर 'अमेरिकन इंडियन्स'. काकांनी माझ्याकडे बोट दाखवून गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मग तुम्ही परत परीक्षा का देताय?"

वर्गातून घरी येऊन मी कार्डं केली. नातवाच्या सिरियलची रिकामी खोकी कात्रीने कापून, आतल्या करड्या बाजूवर. पुढे प्रश्न, मागे उत्तर. सवयीने उत्तराखाली एक रेघ मारली आणि रेघेखाली लिहिलं, 'आपल्याकडे'. शाळेत मी फळ्याचे दोन भाग करायची, डावीकडे जग, उजवीकडे महाराष्ट्र. पोरांना सनावळी तशीच डोक्यात राहते. आता तोच फळा सिरियलच्या खोक्यावर आला.

आणि खरं सांगते, अभ्यासाला गोडी आली ती त्या रेघेखालच्या ओळीमुळे. डिसेंबर १७७३, बोस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. त्याच वर्षी ऑगस्टात शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झालेला. म्हणजे तिकडे कंपनीचा चहा बुडत होता आणि इकडे कंपनीला पुण्यात शिरायला वाट मिळत होती. १७७६ साली जुलैत स्वातंत्र्याचा जाहीरनामा, त्याच वर्षी मार्चमध्ये पुरंदरचा तह. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांनी मराठ्यांपुढे हात टेकले तेव्हा अमेरिकेतलं युद्धही ऐन भरात होतं. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये शरण आलेला कॉर्नवॉलिस पाच वर्षांत कलकत्त्याला गव्हर्नर जनरल म्हणून हजर. तिकडे हरला, इकडे बढती. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण एकतीस वर्षांत एकदाही दोन्ही गोष्टी एका कार्डावर लिहिल्या नव्हत्या.

सगळ्यात जास्त चटका लागला तो लुईझियानाच्या कार्डाने. 'अमेरिकेने १८०३ मध्ये फ्रान्सकडून कोणता प्रदेश विकत घेतला?' उत्तर एका शब्दाचं. दीड कोटी डॉलर दिले आणि देश जवळपास दुप्पट झाला. आता मागे 'आपल्याकडे' काय लिहायचं? १८०३, दुसरं इंग्रज-मराठा युद्ध. सप्टेंबरात असईची लढाई, २९ नोव्हेंबरला अडगावची. ते अडगाव आमच्याच जिल्ह्यातलं, तेल्हारा तालुक्यात. तिथे इंग्रजांचा वेलस्ली जिंकला. डिसेंबरच्या मध्याला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला देवगावचा तह होऊन नागपूरकर भोसल्यांच्या हातून वर्धेच्या पश्चिमेचं वऱ्हाड गेलं. तीनच दिवसांनी, २० डिसेंबरला, न्यू ऑर्लिन्समध्ये लुईझियानाचा ताबा अमेरिकेला मिळाला. त्या एका आठवड्यात माझं गाव एका राज्यातून दुसरीकडे गेलं आणि मिसिसिपीच्या पलीकडची गावंही. दोन्हीकडच्या गावांना कोणी विचारलं नाही. लुईझियाना विकणाऱ्यांनी तिथे राहणाऱ्या मूळच्या लोकांना तर नाहीच नाही. हे सगळं एवढ्याशा पुठ्ठ्यावर मावेना, म्हणून मी बारीक अक्षरात कडेने लिहीत गेले. नातवाने कार्ड हातात घेऊन फिरवून फिरवून वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, "आजी, आन्सर फक्त लुईझियाना आहे."

नातू माझा परीक्षक. वय नऊ. जेवणं झाली की कार्डं पिसायचा आणि समोर बसायचा. त्याचा खरा आक्षेप माझ्या उच्चारांवर. तेरा मूळ वसाहतींपैकी तीन सांगायच्या, त्यात मी हट्टाने 'कनेक्टिकट' म्हणायची. "सी सायलेंट आहे, आजी. कनेटिकट." मग मी व्हर्जिनिया, जॉर्जिया, न्यू जर्सी एवढ्यावर भागवायचं ठरवलं. हेच मला खटकत होतं. कितीतरी प्रश्न 'एक सांगा', 'दोन सांगा', 'तीन सांगा' असे. अडचण वाटली तर टाळा आणि सोपं तेवढं सांगा.

यादवी युद्धाच्या कार्डावर तर आमचं भांडण झालं. 'यादवी युद्धाला कारण ठरलेली एक समस्या सांगा.' यादीत तीन उत्तरं: गुलामगिरी, आर्थिक कारणं, राज्यांचे हक्क. तिन्हींना सारखेच गुण. मी म्हटलं, हे मान्य नाही. राज्यांचे हक्क म्हणजे कशाचे हक्क? माणसं विकत घेण्याचे. आर्थिक कारणं म्हणजे कसली अर्थव्यवस्था? गुलामांच्या जिवावर उभी राहिलेली कापसाची. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना सगळ्यात आधी बाहेर पडलं. मग मिसिसिपीने फुटताना स्वतःच लिहून दिलं की आमची भूमिका गुलामगिरीच्या प्रथेशी पूर्णपणे जोडलेली आहे. गुन्हेगाराने कबुलीजबाब दिला असताना परीक्षकाने दुसऱ्या कारणाला पूर्ण गुण का द्यावेत? नातू जांभया देत होता. जावई हळूच म्हणाले, "आई, तुम्ही स्लेव्हरी म्हणा, काम होईल." ते खरंच होतं. पण मी पेपर तपासत असते तर ती दोन उत्तरं अर्ध्या गुणावर टाकली असती.

त्याच कार्डाच्या मागे मुंबई आणि वऱ्हाड. युद्धामुळे अमेरिकन कापूस लँकेशायरला पोचेना, म्हणून इंग्रज इकडच्या कापसाकडे वळले आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. शेअरबाजारात वेड लागल्यासारखे व्यवहार झाले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि पेढ्या बुडाल्या. आमच्या अकोल्याच्या जिनिंगच्या गिरण्या पुढच्या, पण कापूस परदेशी जातो आणि भाव परदेशातून ठरतो, ही ओळख वऱ्हाडाला त्याच सुमारास पक्की झाली. आणि गुलामांच्या मुक्तीचं ऋण इकडे एका माणसाने जाहीरपणे मानलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. मी हे मंगळवारच्या वर्गात सांगितलं. पोस्टातल्या बाई गोऱ्या नाहीत, त्यांचे पणजोबा जॉर्जियात जन्मले होते. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ते नाव मला लिहून द्या. मी फळ्यावर इंग्रजीत आणि खाली देवनागरीत लिहिलं. देवनागरीचा त्यांनी फोनवर फोटो काढला.

शंभर प्रश्नांत जे नाही तेही त्या दिवसांत वाचत होते. या परीक्षेलाच बसायची परवानगी भारतीयांना किती काळ नव्हती, हे त्यात कुठे येत नाही. १७९० चा कायदा नागरिकत्व देत होता ते 'मुक्त गोऱ्या व्यक्तीं'ना. १९१० मध्ये मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना न्यूयॉर्कच्या कोर्टाने गोरे मानलं. १९२३ मध्ये पंजाबचे भगतसिंग थिंड सर्वोच्च न्यायालयात हरले. त्यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात नोकरी केलेली. वंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस तुम्हाला गोरं समजत नाही, असा निकाल. आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घ्यायला सुरुवात झाली. नागरिकत्वाचं दार उघडलं १९४६ मध्ये, पण नव्याने येऊन राहायची परवानगी वर्षाला शंभरच भारतीयांना. शंभर! आमच्या एडिसनच्या एका गणपतीच्या आरतीला यापेक्षा जास्त माणसं असतात.

वर्गात मात्र हे मी सांगितलं नाही. इक्वादोरच्या मुलीची मुलाखत दुसऱ्या दिवशी होती.

एक गोष्ट शिक्षकांसाठी म्हणून लिहून ठेवते. 'राज्यघटनेत किती दुरुस्त्या झाल्या?' उत्तर सत्तावीस. आपल्या घटनेच्या १०६ झाल्या, त्यामुळे मी आधी नाक मुरडलं. पण सत्ताविसावी दुरुस्ती बघा. लोकप्रतिनिधींच्या पगारासंबंधीची ही दुरुस्ती मांडली गेली १७८९ मध्ये आणि मंजूर झाली १९९२ मध्ये. मधल्या काळात ती धूळ खात पडली होती. टेक्सासमधल्या एका विद्यार्थ्याने १९८२ मध्ये निबंधात लिहिलं की ती अजून जिवंत आहे, राज्यांनी ठरवलं तर मंजूर होऊ शकते. शिक्षकांनी त्याला 'सी' दिला. पोरगा चिडला, राज्याराज्यांना पत्रं लिहीत सुटला आणि दहा वर्षांत दुरुस्ती मंजूर करून घेतली. पुढे २०१७ मध्ये विद्यापीठाने त्याचा 'सी' बदलून 'ए' केला. माझ्या लाल पेनाने किती जणांचे 'सी' केले असतील, हे मोजायला मी बसले नाही.

मुलाखतीचं पत्र आलं. नोव्हेंबरच्या मध्यातली तारीख, नेवार्क. म्हणजे निवडणूक होऊन दहाच दिवस झालेले. इथे नातवाने मला सावध केलं. प्रश्न आहे, 'आता राष्ट्राध्यक्ष कोण आहेत?' टीव्हीवर दिवसभर ट्रम्प, पण खुर्चीत बायडेन. 'आता' या शब्दाला मी कार्डावर दोनदा अधोरेखित केलं. सिनेटरचा प्रश्नही अडचणीचा. न्यू जर्सीच्या दोन जागांपैकी एका जागेवरचे गृहस्थ ऑगस्टात पायउतार झाले होते, तिथे तात्पुरते कोणी बसवले होते आणि निवडून आलेले तिसरेच होते. 'एक सांगा' या प्रकाराबद्दल मी इतकं वाईट बोलले, पण इथे त्याचेच उपकार झाले. दुसऱ्या जागेवरचे कोरी बुकर. संपलं.

मुलाखतीच्या दिवशी मी पैठणी नेसू की पंजाबी ड्रेस घालू यात अर्धा तास गेला. शेवटी साधी हातमागाची साडी, वरून कोट, पायात स्नीकर्स. प्रतीक्षागृहात सगळ्यांच्या हातात फायली आणि सगळ्यांचे ओठ हलणारे. रामरक्षा म्हणत असावेत तसे. "मिसेस देश-मुक?" तिशीतला अधिकारी, दाढी व्यवस्थित कातरलेली. खोलीत गेल्यावर उभं राहून उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ. मग अर्जातले प्रश्न एकेक करून. भारतात कधी गेलात, किती दिवस. मी तारखा पाठ केल्या होत्या, कार्डाशिवाय सांगितल्या. वंशपरंपरागत पदवीचा प्रश्न आला तसा माझा घसा कोरडा पडला. "नो," मी म्हटलं, आणि का कोण जाणे, "नॉट एनी मोअर" असं जोडलं. त्याने मान वर केली. आता मला आडनावाचा इतिहास सांगणं भाग होतं. इंग्रजीत परगणा, वसूल, वतन. एक मिनिटात त्याने हात वर केला आणि हसून विचारलं, "मॅडम, आता तुम्ही कोणाकडून कर वसूल करता का?" मी म्हटलं, नाही, भरते. त्याने पुढच्या पानावर टिचकी मारली.

वाचायचं वाक्य टॅबलेटवर आलं, पहिले राष्ट्राध्यक्ष कोण होते अशा अर्थाचं. वाचलं. लिहायचं त्याचं उत्तर, टॅबलेटवरच, काचेवर घसरणाऱ्या पेनने. फळ्यावर माझं अक्षर मोत्यासारखं अशी ख्याती होती हो. तिथे 'वॉशिंग्टन' लिहिताना टी उडून वर गेला आणि एन खाली घसरला. पहिलीतलं पोर बरं लिहील. त्याला वाचता आलं, एवढं पुरे.

मग इतिहास. सुझन बी. अँथनी यांनी काय केलं? महिलांच्या हक्कांसाठी लढा दिला, एवढं पुरेसं होतं. मी तिथे थांबले नाही. १८७२ मध्ये बेकायदा मतदान केलं म्हणून त्यांना अटक झाली, शंभर डॉलर दंड झाला, तो त्यांनी कधी भरला नाही, आणि मताचा हक्क १९२० मध्ये आला तेव्हा त्या हयात नव्हत्या. १९२० च्या ऑगस्टात आमच्याकडे टिळक गेले, हेही तोंडाशी आलं होतं, ते गिळलं. "वन इज इनफ," तो म्हणाला.

अर्थव्यवस्था कोणती? भांडवलशाही. बरोबर.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कोणता महासागर आहे?

"अटलांटिक," मी ठणकावून सांगितलं.

त्याने काही न बोलता कागदावर खूण केली. ती खूण बघितल्यावर मला कळलं. नातवंडांबरोबर पाच वर्षं ज्या समुद्रात पाय बुडवले तो अटलांटिक, आणि मराठी माणसाच्या डोक्यात समुद्र म्हणजे पश्चिमेलाच. नकाशाच्या डाव्या कडेला निळं. एकतीस वर्षं भिंतीवरच्या नकाशात मी तिथेच पट्टी टेकवत आले. शंभर प्रश्नांतला हा बहुधा सगळ्यात सोपा. त्याची कधी उजळणीच केली नव्हती.

यानंतर मी सावध झाले, नव्हे घाबरलेच. आता राष्ट्राध्यक्ष कोण? बायडेन. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू. यादवी युद्धाला कारण ठरलेली एक समस्या? गुलामगिरी, आणि बाकीच्या दोघांबद्दल एक शब्द नाही. १८०३ मध्ये फ्रान्सकडून काय घेतलं? लुईझियाना. अडगाव मनात.

सहावं उत्तर हवं होतं. अमेरिकन इंडियन्सची एक जमात सांगा.

या प्रश्नाचं उत्तर मी घरी ठरवून ठेवलं होतं. न्यू जर्सीत मूळचे लेनापे लोक. आमच्या घराजवळून वाहणारी रॅरिटन, हॅकेन्सॅक, पसेइक, पार्सिपनी, ही सगळी नावं त्यांच्याच बोलीतून आलेली. त्यांच्या जमिनीवर बसून परीक्षा देताना त्यांचंच नाव घ्यायचं, असं मी वर्गात मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. पण अभ्यासाच्या यादीत नमुन्यादाखल जी वीसेक नावं होती त्यात लेनापे नव्हतं. अधिकाऱ्याकडे मोठी यादी असते म्हणतात. असते, पण अटलांटिकची खूण माझ्या समोर होती.

"चेरोकी," मी म्हटलं.

"पास झालात," तो म्हणाला आणि पेन खाली ठेवलं. सहा बरोबर आले की थांबतात. मी विचारलं, उरलेले तीन? तो म्हणाला, गरज नाही. मी म्हटलं, विचारा तरी. तो हसत सुटला आणि निकालाचा कागद माझ्यापुढे सरकवला. गाडीत बसल्यावर मुलीला आधी पास झाल्याचं सांगितलं, मग पॅसिफिकचं. लेनापेचं रात्री सांगितलं, फक्त ह्यांना. हे म्हणाले, "परीक्षार्थी असंच करते."

शपथविधी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाला. दारातच ग्रीन कार्ड काढून घेतात, म्हणजे हॉलमध्ये शिरल्यापासून शपथेपर्यंत आपण हातात काहीच नसलेले असतो. एकेका देशाचं नाव पुकारत होते, त्या देशाची माणसं उभी राहत होती. भारत म्हटल्यावर आम्ही बरेच जण उठलो, एकमेकांकडे बघून उगीच हसलो. शपथेत परकीय राजा, अधिपती, राज्य, सार्वभौम सत्ता यांच्याशी असलेली निष्ठा पूर्णपणे सोडल्याचं म्हणावं लागतं. शब्द पाठ होते. उजवा हात वर करा म्हणाले आणि माझा हात वर गेला नाही, समोर गेला. खांद्याच्या रेषेत, सरळ, तळवा खाली. एकतीस वर्षं रोज सकाळी मैदानावर पोरांबरोबर प्रतिज्ञा म्हणायला हात असाच पुढे केलेला. हाताला त्याच सुरावर जायचं माहीत होतं. त्या पवित्र्याचा या देशात भलताच, नाझी सलामीचा, अर्थ होतो. शेजारच्या बाईंनी, बहुतेक फिलिपिन्सच्या, काही न बोलता माझं कोपर खालून धरलं आणि हळूच वर वळवलं. शपथ संपेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.

जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी कार्डांचा गठ्ठा घेऊन वाचनालयात गेले. कैरोच्या काकांची मुलाखत फेब्रुवारीत होती. देण्याआधी तीन कार्डं दुरुस्त केली. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षांची नावं खोडून नवी लिहिली. सिनेटरच्या कार्डावर बुकर तसेच ठेवले, खाली अँडी किम जोडलं. लाल पेन होतं, त्यामुळे कार्डं तपासलेल्या वह्यांसारखी दिसायला लागली. काकांनी गठ्ठा चाळला, मागची मराठी उलटसुलट करून बघितली आणि एका कार्डापाशी थांबले. पश्चिमेच्या महासागराचं. त्याच्यावर नातवाने निळ्या पेनाने मोठी लाट काढली होती आणि लाटेत साडी नेसलेली एक बाई, डोक्यावर उंच हात केलेली.

"हे तुम्हाला विचारलं होतं?" काकांनी विचारलं.

"विचारलं होतं," मी म्हटलं.